जेट-स्कीचा ओरखडा, रुपियाची शून्यं आणि इतर प्रश्न

गणपती विसर्जन झालं की मुंबईत दिवाळीच्या सुट्टीची तिकिटं बघायला सुरुवात होते, आणि आता त्यात फुकेत, बाली, मालदीव, अंदमान ही नावं महाबळेश्वरइतकीच सहज येतात. बेटांवरच्या सहलीत होणाऱ्या फसवणुकीबद्दल आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : दिवाळीत आम्ही चौघं फुकेतला जातोय. मुलाला जेट-स्की चालवायचीच आहे. ऑफिसात सगळे घाबरवतात की परत आणल्यावर 'तोडफोड झाली' म्हणून हजारो बाट (थायलंडचं चलन) उकळतात. हे कसं टाळायचं? (वाचक, बोरिवली)

उत्तर : ऑफिसातले खरं सांगताहेत. हा प्रकार फुकेत आणि पट्टायाच्या किनाऱ्यांवर वर्षानुवर्षं चालत आलाय. तो कसा चालतो हे आधी समजून घ्या, म्हणजे कुठे सावध व्हायचं ते आपोआप कळेल.

तारकर्लीला किंवा गोव्याला जेट-स्की घेतली तर बहुतेक वेळा त्यांचा माणूस आपल्यासोबत बसतो. फुकेतला गाडी तुमच्या एकट्याच्या हाती देतात, म्हणून तिची जबाबदारीही तुमच्या एकट्याच्या अंगावर येते. अर्ध्या तासाने परत आलात की ते लोक जेट-स्की पाण्याबाहेर ओढतात आणि तळाकडचा एखादा ओरखडा किंवा पुढच्या टोकाची चीर दाखवतात. ती खूण आधीचीच असते. निघताना जेट-स्की गुडघाभर पाण्यात उभी असते, त्यामुळे पाण्याखालचा भाग तुम्ही पाहिलेलाच नसतो. सगळी गोम इथेच आहे. मग तीन-चार माणसं भोवती जमतात, दुरुस्तीचं छापील दरपत्रक पुढे येतं, आणि तुमचा पासपोर्ट त्यांच्याकडे असेल तर वाद तिथेच संपतो.

म्हणून पाण्यात उतरण्याआधी जेट-स्की वाळूवर किंवा ट्रॉलीवर असतानाच मोबाइलवर व्हिडिओ काढा. पुढचं टोक, दोन्ही बाजू, मागचा भाग, खाली वाकून तळ, असं सगळं सावकाश फिरवून घ्या. भाड्याने देणारा माणूसही त्यात दिसू द्या. एखादा ओरखडा दिसला तर त्यावर बोट ठेवून त्याच्यासमोरच चित्रित करा. तळ दाखवायला तो तयार नसेल तर तिथून निघा, दर कितीही कमी असो. विम्याचा कागद मागा आणि नुकसान झाल्यास तुम्हाला जास्तीत जास्त किती भरावं लागेल तो आकडा लिहून घ्या. 'इन्शुरन्स आहे' असं नुसतं तोंडी सांगितलं तर ते धरू नका.

वाद झालाच तर आवाज चढवू नका आणि किनाऱ्यावर रोख पैसे देऊ नका. ११५५ हा थायलंडच्या टुरिस्ट पोलिसांचा नंबर आहे. आकडे उलटसुलट होतात, म्हणून आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेवा. फोन स्पीकरवर लावला तरी पुष्कळदा समोरचा आकडा खाली येतो. त्यांनीच बोलावलेला कुणी 'अधिकारी' मध्यस्थी करू लागला, तर पोलीस ठाण्यात जाऊनच बोलू असं सांगा.

मुलगा अठराच्या खालचा असेल तर त्याच्या हातात जेट-स्की देऊच नका. कागदावर सही तुमची असते. आणि तुम्ही विचारलेलं नसलं तरी एक सांगतो : फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर साधारण मे ते ऑक्टोबर पावसाळी वारे असतात आणि समुद्र आत खेचतो. दिवाळी ऑक्टोबरात आली तर किनाऱ्यावर लाल बावटा दिसण्याची शक्यता असते. लाल बावटा असताना कुणी 'काही होत नाही' म्हणून जेट-स्की देत असेल, तर त्याला तुमच्या जिवाची पर्वा नाही.

प्रश्न : बालीत स्कूटर भाड्याने घेताना पासपोर्ट ठेवून घेतात म्हणे. सगळेच देतात, मग आपणही द्यायचा का? आणि आपलं लायसन्स चालतं का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : पासपोर्ट देऊ नका. तो भारत सरकारच्या मालकीचा असतो, तसं त्यावर छापलेलंच असतं. पण त्याहून व्यवहाराची गोष्ट अशी की पासपोर्ट गेला की तुमची बाजू मांडायची ताकद गेली. परतीचं विमान उद्या असताना कुणीही मागेल तेवढे पैसे देतो. त्याऐवजी झेरॉक्स आणि रोख अनामत द्या आणि अनामतीची पावती घ्या. रोख अनामतीवर गाडी देणारी दुकानं मिळतात, दोन-तीन ठिकाणी विचारावं लागतं एवढंच. हॉटेलातून गाडी मिळत असेल तर थोडे जास्त पैसे पडले तरी तीच घ्या.

नुसतं भारतीय लायसन्स पुरत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना, ज्याला सगळे आयडीपी म्हणतात, आपल्या आरटीओतूनच मिळतो. फॉर्म ४-अ, लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा लागत असेल तर तो, आणि १००० रुपये फी. मुदत एक वर्ष. इथे एक चूक बरेच जण करतात. लायसन्सवर फक्त चारचाकीचा प्रकार असेल तर आयडीपीवरही दुचाकीचा शिक्का येत नाही. मग पोलिसांचा दंड राहू द्या, अपघात झाला तर प्रवास विम्याची कंपनी हात वर करते. बहुतेक पॉलिसींमध्ये दुचाकीसाठी वैध परवाना, हेल्मेट आणि दारू न पिणं अशा अटी असतात. पॉलिसीतलं ते कलम निघण्याआधी वाचा. बेटांवर पर्यटकांना होणारे गंभीर अपघात बऱ्याचदा स्कूटरचेच असतात आणि तिथल्या खासगी रुग्णालयाचं बिल घरच्यांना कर्ज काढायला लावू शकतं.

गाडीचाही तसाच व्हिडिओ काढा. शिवाय स्वतःचं एक कुलूप घेऊन जा. किल्लीची दुसरी प्रत दुकानदाराकडे असते. रात्री गाडी 'चोरीला जाते' आणि सकाळी तुमच्याकडून भरपाई मागतात. चाकाला तुमचं कुलूप असेल तर हा खेळ जमत नाही.

प्रश्न : बालीत पैसे बदलताना मोजूनही कमी कसे भरतात? माझ्या जावेचे गेल्या वर्षी असेच गेले. (वाचक, गिरगाव)

उत्तर : मोजून झाल्यावर जातात, म्हणून.

उदाहरण घेऊ. पाटीवर १ डॉलरला १६,००० रुपिया (इंडोनेशियाचं, म्हणजे बालीतलं चलन) असं लिहिलंय आणि तुम्ही १०० डॉलर दिले. मिळायला हवेत १६,००,००० रुपिया. एक लाखाच्या लाल नोटा दिल्या तर १६ नोटा, पन्नास हजाराच्या निळ्या दिल्या तर ३२, वीस हजाराच्या हिरव्या दिल्या तर ८०. लबाड दुकानदार लाल नोटा 'संपल्या' म्हणतो आणि हिरव्यांची गड्डी काढतो, कारण ८० नोटांत चार-पाच नाहीशा करणं सोपं. तो टेबलावर दहा-दहाचे ढीग करून मोजून दाखवतो. तुम्हीही मोजता. सगळं बरोबर भरतं. मग तो ढीग एकत्र करून कडा नीट करण्यासाठी गड्डी टेबलावर आपटतो, आणि त्या एका हालचालीत वरच्या काही नोटा टेबलाच्या आतल्या बाजूला, त्याच्या मांडीवर किंवा खणात पडतात. तुम्ही मोजलेली गड्डी आणि हातात आलेली गड्डी एक नसते.

यावर उपाय एकच : शेवटचं मोजणं तुमचं. तुम्ही मोजल्यावर नोटा पुन्हा त्याच्या हातात गेल्या, 'एक मिनिट, चेक करतो' म्हणून त्याने नुसता हात लावला, तरी पुन्हा पहिल्यापासून मोजा. गुणाकार स्वतःच्या मोबाइलवर करा, त्याच्या कॅल्क्युलेटरवर नको. कमिशन आहे का हे डॉलर खिशातून काढण्याआधी विचारा. डॉलर शेवटपर्यंत आपल्या हातात ठेवा, मनात शंका आली की ते घेऊन बाहेर पडता येतं.

दुकान कुठलं निवडता यावर अर्धं काम होतं. माळा, टोप्या, चपला विकणाऱ्या दुकानाच्या कोपऱ्यात टेबल टाकून बसलेला माणूस आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा जास्त दर देत असेल, तर तो फरक कुठून तरी भरून काढणारच. बँक इंडोनेशियाच्या परवान्याचा फलक असलेलं, काचेचं काउंटर, कॅमेरा आणि छापील पावती असलेलं दुकान बघा.

शून्यांचा घोळ आपल्याकडूनही होतो. दोन हजाराची राखाडी आणि वीस हजाराची हिरवी नोट अंधुक उजेडात सारखी वाटते. घाईत कुणी दोन लाखांच्या जागी वीस लाख टाइप करून कार्ड मारून मोकळं होतं. तिथली मेन्यूकार्डं '५० के' असं लिहितात, म्हणजे पन्नास हजार. तुम्हीही शेवटची तीन शून्यं अंगठ्याने झाकून किंमत वाचायची सवय लावा, दोन दिवसांत हात बसतो.

प्रश्न : थायलंडचं ऑनलाइन आगमन कार्ड भरायला एका साइटने आमच्याकडून माणशी तीन हजारांच्या वर घेतले. नंतर कळलं ते फुकट असतं. पैसे परत मिळतील का? (वाचक, ठाणे)

उत्तर : मिळणं कठीण आहे. त्या साइटवर कुठेतरी बारीक अक्षरात 'आम्ही खासगी सेवा आहोत' असं लिहिलेलं असतं आणि तुम्ही स्वतः पैसे भरलेले असतात. तरी बँकेकडे लेखी तक्रार करून बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांच्याकडे गेलेली पासपोर्टची माहिती. अधिकृत साइटवर स्वतः पुन्हा अर्ज भरा आणि तोच क्यूआर वापरा. पैसे भरलेल्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डचा नंबर तिथे साठवला गेला असेल तर ते कार्ड ब्लॉक करून नवं मागवा.

थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड १ मे २०२५ पासून लागू झालं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, फी शून्य. अधिकृत पत्त्याचा शेवट 'गो डॉट टीएच' असा असतो. बालीसाठी पर्यटक शुल्क दीड लाख रुपिया, १४ फेब्रुवारी २०२४ पासून सुरू. व्हिसा ऑन अरायव्हल ५ लाख रुपिया. दोन्ही साइटचा शेवट 'गो डॉट आयडी'. मालदीवचं प्रवासी घोषणापत्र प्रवासाआधीच्या ९६ तासांत भरायचं आणि तेही फुकट, शेवट 'गव्ह डॉट एमव्ही'. पत्ता नेहमी शेवटाकडून वाचा. सुरुवातीला देशाचं नाव कुणीही लावू शकतं. गुगलवर शोधल्यावर वर येणाऱ्या पहिल्या दोन-तीन दुव्यांवर 'प्रायोजित' लिहिलेलं असतं, ते सोडून खाली जा.

प्रश्न : मालदीवच्या रिसॉर्टने एका रात्रीचे ३०० डॉलर सांगितले, हाती आलेलं बिल फार वेगळं होतं. ही फसवणूकच ना? (वाचक, दादर)

उत्तर : भावाच्या पुढे दोन अधिक चिन्हं होती का ते तपासा. '३०० ++' याचा अर्थ सेवा शुल्क आणि कर वेगळे. हिशेब असा : ३०० वर १० टक्के सेवा शुल्क, झाले ३३०. त्यावर पर्यटन जीएसटी, जो १ जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे, म्हणजे ५६.१०. झाले ३८६.१०. वर रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री १२ डॉलर हरित कर, दोघांचे २४. म्हणजे ३०० ची खोली ४१०.१० डॉलरला पडली. यात बेकायदा काही नाही, पण तुमच्या एजंटने हे आधी सांगितलं नसेल तर त्याने तुम्हाला अंधारात ठेवलं.

याहून मोठा फटका मालेहून रिसॉर्टला नेणाऱ्या सी-प्लेनचा (पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचा) बसतो. ही विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. मुंबईहून संध्याकाळी मालेला उतरणारं स्वस्त तिकीट घेतलं की ती रात्र माले किंवा हुलहुमालेत वेगळे पैसे भरून काढावी लागते, आणि रिसॉर्टची पहिली रात्र वाया जाते. बुकिंग करण्याआधी ईमेलवर तीन गोष्टी लेखी घ्या : सगळे कर धरून एकूण रक्कम, जाण्या-येण्याचा माणशी खर्च, आणि आपल्या विमानाच्या वेळेला तो प्रवास त्याच दिवशी होतो का.

प्रश्न : अंदमान आपलंच आहे, तिथे कसली फसवणूक? तरी काही काळजी घ्यावी का? (वाचक, चेंबूर)

उत्तर : तिथले बहुतेक लोक सरळ आहेत. घोळ होतो तो मधल्या एजंटांमुळे. हॅवलॉक (स्वराज द्वीप) आणि नील (शहीद द्वीप) इथे जाणाऱ्या बोटींची तिकिटं 'संपली' म्हणून जास्त भावात विकतात. सरकारी फेरी आणि खासगी कॅटमरान दोन्हींची तिकिटं त्यांच्या स्वतःच्या साइटवर मिळतात. तिकिटावर तुमचं नाव ओळखपत्राप्रमाणे हवं.

स्कूबाच्या जाहिरातीत 'अर्धा तास, १२ मीटर' असं लिहिलेलं असतं. त्या अर्ध्या तासात बरेचदा कपडे घालणं आणि उथळ पाण्यातला सराव धरलेला असतो, आणि १२ मीटर ही नवशिक्याची कमाल मर्यादा आहे, तेवढं खाली नेतीलच असं नाही. पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटं आणि एका प्रशिक्षकामागे किती जण, हे विचारा. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास याची प्रश्नावली न भरून घेता कुणी 'सही करा, चला' म्हणाला तर तिथे उतरू नका. स्कूबानंतर किमान १२ तास, आणि जास्त वेळा बुडी मारली असेल तर १८ तास विमानात बसू नये. शेवटच्या दिवशी सकाळी स्कूबा आणि दुपारी मुंबईचं विमान असं बसवणाऱ्या एजंटला हे माहीतच नाही, किंवा माहीत असून त्याने लपवलंय.

बारातांगच्या रस्त्यावर 'जारवा आदिवासी दाखवतो' म्हणून जादा पैसे मागणारा ड्रायव्हर भेटला तर स्पष्ट नकार द्या. त्यांच्याशी संपर्क साधणं, फोटो काढणं, खायला देणं हा गुन्हा आहे. आणि ती माणसं आहेत, त्यांचा तमाशा मांडण्याचा हक्क कुणालाच नाही.

शंख-शिंपले आणि प्रवाळही जपून घ्या. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली काही प्रकार विकणं आणि बाळगणं दोन्ही गुन्हा आहे. विकणारा किनाऱ्यावर राहतो, विमानतळावरच्या तपासणीत सापडता तुम्ही.

प्रश्न : मॉलमध्ये लकी ड्रॉचं कूपन भरलं होतं. आता फोन येतोय, 'तीन दिवस-दोन रात्री बेटावरच्या रिसॉर्टचं गिफ्ट व्हाउचर, पती-पत्नी दोघांनी हॉटेलात येऊन घेऊन जा.' जावं का? (वाचक, मुलुंड)

उत्तर : ते हॉलिडे मेंबरशिप विकायचं बोलावणं आहे. दोघांनाच का बोलावतात? 'घरी विचारून सांगतो' हे उत्तर बंद करण्यासाठी. दीड तास सांगून तीन तास बसवतात, मोठ्या आवाजात गाणी, मध्येच टाळ्या, 'अमुक कुटुंबाने मेंबरशिप घेतली!' सुरुवातीला सांगितलेला आकडा उठायच्या वेळी निम्म्यावर येतो, पण 'आजच, आत्ताच'. मिळणाऱ्या व्हाउचरमध्ये विमानभाडं नसतं, कर वेगळे असतात, आणि दिवाळी, नाताळ, मे महिना वगळलेला असतो.

गेलातच तर डेबिट आणि क्रेडिट कार्ड घरी ठेवा. कराराची प्रत वाचायला घरी द्या म्हणा. देत नसतील तर विषय संपला. दरवर्षीचं देखभाल शुल्क किती आणि ते किती वाढू शकतं, हे करारात शोधा. सही होऊन गेली असेल तर रद्द करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते कलम आज रात्रीच बघा. त्या मुदतीत ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्ट दोन्हींनी लेखी कळवा. फोनवर 'हो सर, करून टाकतो' म्हणत मुदत संपवण्याचा प्रकार फार चालतो.

प्रश्न : इन्स्टाग्रामवरच्या एजंटला बालीच्या पॅकेजचे ८० हजार यूपीआयने भरले. पीएनआर आला, पण आता तो फोन उचलत नाही. काय करू? (वाचक, कांदिवली)

उत्तर : हे वाचत असाल तर आधी १९३० ला फोन करा, बाकीचं नंतर. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार गेली तरच ते गोठवता येतात, म्हणून तास महत्त्वाचे. यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, स्क्रीनशॉट आणि चॅट हाताशी ठेवा. त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा.

मग विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून बघा. पीएनआर असणं म्हणजे तिकीट असणं नव्हे. जागा नुसती धरून ठेवली तरी पीएनआर मिळतो आणि पैसे न भरल्यास तो आपोआप रद्द होतो. बऱ्याच विमान कंपन्यांच्या खऱ्या तिकिटावर १३ आकडी ई-तिकीट क्रमांक असतो; काही स्वस्त विमान कंपन्या तो देत नाहीत, तिथे पैसे भरून तिकीट पक्कं झालंय का ते कंपनीलाच विचारा. हॉटेललाही स्वतः ईमेल करून तुमच्या नावाने खोली आहे का आणि तिचे पैसे भरलेत का, दोन्ही विचारा.

एजंटचं खरंच ऑफिस असेल आणि नुसती टाळाटाळ चालली असेल, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही, दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी एजंटचा जीएसटी क्रमांक सरकारी जीएसटी पोर्टलवर टाकून बघा, फुकट दिसतो. तिथलं नाव आणि यूपीआयवर उमटणारं नाव वेगळं असेल तर पैसे पाठवू नका.

प्रश्न : परदेशात कार्ड मारताना मशीन विचारतं, रुपयांत की तिथल्या चलनात? आम्ही रुपये निवडतो, हिशेब सोपा जातो म्हणून. बरोबर आहे ना? (ज्येष्ठ वाचक, विलेपार्ले)

उत्तर : नाही, तिथलं चलन निवडा. बाट, रुपिया, जे असेल ते. रुपये निवडले की चलन बदलण्याचा दर त्या दुकानाची मशीनवाली कंपनी ठरवते आणि तो तुमच्या बँकेच्या दरापेक्षा जवळजवळ नेहमीच महाग असतो. एटीएमवरही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो, तिथे 'विदाउट कन्व्हर्जन' दाबा. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला एटीएम दर वेळी दोनशे बाटच्या वर शुल्क लावतं, म्हणून थोडे थोडे चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढून खोलीच्या तिजोरीत ठेवा. वेटरने मशीन परस्पर आत नेलं आणि रुपयांतली स्लिप आणली, तर सही करू नका. व्यवहार रद्द करून पुन्हा, तुमच्यासमोर करायला सांगा.